क्रँकसाठी गेलो, पंप कमी करून आलो

कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं क्रँक ग्राइंडिंग-बॅलन्सिंगचं दुकान, म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा घासून मापात आणणारं आणि त्याच्या वजनाचा तोल साधून देणारं. पाचपैकी चार तारे. एक कशाचा कापला ते खाली येईलच.

गाडी टाटा 1613, हंगामात ऊस वाहते. इंजिन 697, म्हणजे सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास). चढाला दम लागतो म्हणून दोन हंगामांपूर्वी इंजिनात डिझेल सोडणारा पंप दुरुस्त करणाऱ्याकडून डिझेल वाढवून घेतलं. गाडी पळाली, खोटं कशाला बोलू. पण 1800 आरपीएमच्या आसपास केबिन अशी थरथरायची की आरशात मागची एक गाडी दोन दिसायची. इंजिन माउंटिंग दोनदा बदलली, फरक शून्य. शेवटी हातकणंगल्याच्या अलीकडं भरल्या गाडीत क्रँकचे दोन तुकडे. कंपनीला बोल लावणार नाही, हौस माझीच होती.

जुन्या बाजारातून दुसरा क्रँक घेऊन या दुकानात गेलो. मिस्त्रीनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

"मालक, तुटलेलं तुकडं कुठायत? आन् पुढची पुली?"

दुसऱ्या दिवशी सगळं पोत्यात घालून नेलं. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) जिथं वेबला (जर्नल जोडणाऱ्या जाड पट्टीला) मिळतो त्या कोपऱ्यापासून शिंपल्यावर असतात तशा गुळगुळीत रेघा होत्या, उरलेला भाग ताजा आणि खरबरीत. चीर कधीचीच पडलेली, रोज थोडी पुढं सरकत होती. त्या कोपऱ्याला गोलाई लागते. आधी ज्यानं ग्राइंडिंग केलं त्यानं तिथं सरळ काटकोन सोडलेला. पुलीतलं रबर तर दगड झालं होतं.

मी म्हटलं, बॅलन्सिंग नीट करा म्हणजे थरथर जाईल. तो हसला. सिलिंडरमध्ये दर वेळी डिझेल पेटलं की क्रँक किंचित पिळतो आणि परत येतो. ठराविक फेऱ्यांवर हे पिळणं वाढत जातं, ते खायला पुढच्या पुलीत रबर असतं. डिझेल वाढवलं की पीळही वाढतो. वजनाचा तोल कितीही साधा, पीळ त्यानं जात नाही. गप्प राहून बॅलन्सिंगचे पैसे घेतले असते तर मला कळलंही नसतं. चार तारे त्याचेच.

माझा बाजारातला क्रँकही त्यानं नापास केला. चुंबकीय करून वर पावडरचं पाणी सोडलं, तर कोपऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली. विकणाऱ्यानं पैसे परत दिले, पण शिव्या खाऊन. पुढचा क्रँक पास झाला, 0.50 मिलिमीटर उतरवला, गोलाई ठेवली, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट जोडून बॅलन्सिंग केलं. मजुरी साडेनऊ हजार, पुली नवीन, तिचे वेगळे. पंप मूळ मापावर नेला. आता चढाला एक गिअर खाली यावं लागतं, मागचे हॉर्न मारतात. मारू देत. आरशात गाडी एकच दिसते.

आता कापलेला तारा. चार दिवस सांगून अकरा लावले, तेही ऐन हंगामात. पावती वहीच्या फाटक्या पानावर. गल्लीत सहाचाकी वळत नाही, माल रिक्षा टेम्पोतून न्या. दुपारी दीड ते तीन फोन उचलत नाहीत. आणि पुली पहिल्याच खेपेला न्या, नाहीतर माझ्यासारखा हेलपाटा पडेल.