याकिताते!! जपान : पोदेरांच्या गावात बसून बघायचा अ‍ॅनिमे

सकाळी पोदेराचा (म्हणजे आपल्या गोंयचा पाववाला) भोंपू ऐकत वाढलेल्या माणसाने हा २००४ चा अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका) बघायलाच हवा, पाव भाजायची स्पर्धा आणि त्यावर ६९ एपिसोड, म्हणजे विचार करा! हिरो आझुमा, याचे हात म्हणे जन्मतःच गरम, त्यामुळे पीठ मस्त फुगतं (आपल्याकडे हे काम पूर्वी माडाची सूर, म्हणजे माडी, करायची), आणि त्याला जपानचा स्वतःचा असा पाव बनवायचाय. जपान काय नि गोंय काय, पाव दोन्हीकडे पोर्तुगीजांनीच आणला, पण आपण उंडो, पोई, काकणं असे आपले पाव करून मोकळे झालो आणि हे अजून शोधतायत 😂

खरी मजा जजची. पाव तोंडात टाकला की तो माणूस डायरेक्ट स्वर्गात काय जातो, काय काय करतो, लॉजिक विचारायचं नाही. राइस कुकरमध्ये पाव करतात ते मात्र भन्नाट, मध्येच यीस्टबिस्टची माहितीही मिळते. शेवटी शेवटी जोक ताणलेत, पाव राहतो बाजूला नि नुसत्या कोट्या, त्यातल्या अर्ध्या सबटायटलमध्ये कळतच नाहीत. तिथे फॉरवर्ड मारा. पण सुरुवातीचा बेकरीच्या ब्रांचमध्ये नोकरी मिळवायचा भाग एकदम झकास, उपाशीपोटी बघू नका.