काळा घोडा कला महोत्सव: एका दिवसात दोन नाटकं, एक मैफल

मुंबईच्या काळा घोडा महोत्सवाला जाणारे बहुतेक जण रॅम्पार्ट रो या रस्त्यावरची शिल्पं बघतात, फोटो काढतात, स्टॉलवरून एखादी पिशवी घेतात आणि चर्चगेटकडे वळतात. या महोत्सवाचा खरा ऐवज मात्र नाटक आणि संगीत हाच आहे, आणि १९९९ पासून तो विनातिकीट मिळतो आहे. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीचे नऊ दिवस असतात. त्यातला एक दिवस फक्त रंगमंचासाठी ठेवायचा असेल तर मंगळवार ते गुरुवार यांतला वार निवडा. शनिवार-रविवारी संध्याकाळी रॅम्पार्ट रो ओलांडणं हेच मोठं काम होऊन बसतं.

नाटक दुपारी, बंद सभागृहात बघावं. मॅक्स म्युलर भवनासारखी सभागृहं छोटी आहेत. आवाज न चढवता बोललेलं वाक्य तिथे शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं, नटाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. खुर्च्या मोजक्या, म्हणून पाऊण तास आधी रांगेत लागा. नोंदणी असली तरी वेळेवर पोचायला हवंच, कारण प्रयोग सुरू झाल्यावर दार बंद होतं, आणि ते व्हायलाच हवं. फसगत होते ती लागोपाठचे दोन प्रयोग ठरवल्यावर. पहिला संपला की सभागृह रिकामं करतात आणि बाहेर येईपर्यंत दुसऱ्याची रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली असते. मध्ये दोन तास मोकळे ठेवा. फोर्टातल्या एखाद्या उडप्याकडे पोटभर खाऊन घ्या आणि स्वच्छतागृहाचं काम सभागृहातच उरका. संध्याकाळी मैफलीच्या मैदानावर ते जड जातं.

दुसरं नाटक हॉर्निमन सर्कलच्या बागेत असेल तर आधी त्याचा बाज बघा. १८७२ची ही गोल बाग देखणी आहे, पण जमीन सपाट. आठव्या-दहाव्या रांगेच्या मागे बसलं की पुढच्यांची डोकीच दिसतात. भोवतीच्या रस्त्यावर वाहनं, डोक्यावर सांजवेळचे कावळे. इथे कोरस, गाणं, अंगविक्षेप, लोकनाट्याचा ठसका असलेला प्रयोग बहरतो. दोन पात्रांचं हळू बोलणारं नाटक मात्र इथे मरतं, आणि त्यात नटांचा काही दोष नसतो. नटांना कॉलर माइक लावले तर दोघं जवळ आल्यावर एकाचा आवाज दुसऱ्याच्याही माइकमध्ये शिरतो आणि डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. माइकवर स्पंजची टोपी नसेल तर वाऱ्याची घरघर वेगळीच. माइक फक्त रंगमंचाच्या कडेला ठेवले असतील तर पावलं धडधड ऐकू येतात आणि मागच्या बाजूचे संवाद हरवतात. अशा वेळी पहिल्या चार रांगा सोडू नका. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य साधारण साडेसहाला मावळतो आणि उजेड थोडा वेळ रेंगाळतो, म्हणजे सहाच्या प्रयोगात पहिला पाऊण तास प्रकाशयोजना दिसतच नाही. ज्या नाटकाचा जीव प्रकाशात आहे ते सातनंतरचंच घ्या.

तिथून मैफलीचं क्रॉस मैदान पायी पंधरा मिनिटं. बरोबरची माणसं वेगळी झाली तर काळ्या घोड्याच्या पुतळ्याशी भेटायचं ठरवू नका. मूळ पुतळा १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. २०१७ मध्ये बसवलेला स्वाररहित घोडा मात्र ऐन गर्दीत उभा आहे. हुतात्मा चौकातलं कारंजं बरं.

मैदानावर सगळे पुढे धावतात, पण बेसच्या मोठ्या स्पीकरसमोर गायकाचे शब्द बुडतात. साउंडवाल्याचं टेबल शोधा आणि त्याच्या थोडं पुढे, मध्यावर बसा. तो जे ऐकून आवाज जुळवतो तेच तुम्हाला ऐकू येईल. बँड आणि फ्यूजनला ही जागा मानवते. शास्त्रीय संगीताला थोडा धीर द्यावा लागतो. दुपारच्या उन्हात लावलेला तबला संध्याकाळच्या दमट हवेत उतरतो, कारण पुडी, म्हणजे त्यावरचं चामडं, सैल पडते, आणि गारव्याने सतारीच्या तारा आक्रसून चढतात. दोन वाद्यं दोन दिशांना गेलेली असतात. त्यामुळे सुरुवातीची दहा मिनिटं हातोडी आणि खुंट्यांची असतात. तेवढा वेळ गप्प बसणं हीच कलाकाराला खरी दाद. गर्दीच्या पायांनी मैदानातली धूळ उडते, मास्क खिशात असू द्या.

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. आधीचे कार्यक्रम लांबले तर कात्री शेवटच्या मैफलीलाच लागते आणि विलंबित, म्हणजे रागाचा संथ लयीतला भाग, आटोपतं घेतलं जातं. म्हणून सविस्तर राग ऐकायचा असेल तर संध्याकाळच्या यादीतला शेवटचा नव्हे, त्याच्या आधीचा गायक निवडा. जागा आणि वेळा ऐनवेळी बदलतात, त्यामुळे निघण्यापूर्वी त्याच दिवशी सकाळी कार्यक्रमपत्रिका पुन्हा बघून घ्या.