एसटी प्रवासाला चांगले गुण, देखरेखीला काठावरचे

परवा आईला घेऊन लालपरीने प्रवास केला. वाहकाने यंत्रातून आधी आईचे अर्धे तिकीट काढले, मग माझे पूर्ण. गाडी वेळेवर आली होती आणि खिडकीची काचही चक्क सरकत होती. मार्च २०२३ पासून महिलांना मिळणाऱ्या या सवलतीची प्रतिपूर्ती शासनाने महामंडळाला करायची असते, आणि ती वेळेवर होते की नाही, हे शासनाला विचारण्याचा अधिकार विधिमंडळाचा आहे.

१९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यानुसार एसटीचे लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावे लागतात, आणि विधिमंडळाची सार्वजनिक उपक्रम समिती अधिकाऱ्यांची साक्ष घेऊन या हिशेबांची छाननी करू शकते. कागदावर ही व्यवस्था भक्कम आहे. मात्र ही छाननी बहुधा पैसा खर्च झाल्यानंतरच होते, आणि समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. २०२१-२२ च्या एसटी कर्मचाऱ्यांच्या प्रदीर्घ संपात महामंडळाच्या राज्य शासनातील विलीनीकरणाविषयीच्या त्रिसदस्यीय समितीचा अहवाल सभागृहात मांडला गेला खरा, पण कर्मचारी कामावर परतले ते उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. म्हणून प्रवासाला मी चांगले गुण देतो, देखरेखीला जेमतेम पासापुरते.