ट्रेडमिलची जुनी मोटर घेताना माझे 10,500 रुपये गेले

लाकडाच्या लेथला, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या मशीनला, लावायला ट्रेडमिलची जुनी मोटर घेतली आणि 10,500 रुपये घालवून बसलो. लिहायला लाज वाटते, पण ती विकणाऱ्या माणसाच्या जाहिराती अजून चालूच आहेत.

मोटर 5,500 रोख. स्पीड कंट्रोलचा बोर्ड 2,800, यूपीआयने. टेम्पो 700. शिवाय 'बदलून चांगली देतो, फरकाचे 1,500 पाठवा' म्हणाला, तेही पाठवले. त्यानंतर फोन बंद.

न बघता घेतली असं नाही. भोसरीत 22 वर्षं फिटर आहे मी. स्वतः गोडाऊनला गेलो, मोटर चालवून दाखवायला लावली. त्याने डिमरस्टॅट (नॉबने व्होल्टेज कमी-जास्त करायचं साधन) आणि ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) जोडला, नॉब जेमतेम अर्ध्यावर नेला आणि मोटर अशी सुसाट पळाली की मीच म्हणालो, 'वा, जीव आहे हिच्यात!' तिथेच कळायला हवं होतं. रोज रात्री तोच आवाज कानात घुमतो. अशी परमनंट मॅग्नेटची, म्हणजे आत कायमचे चुंबक असलेली, डीसी मोटर व्होल्टेजच्या प्रमाणात फिरते. 180 व्होल्टची मोटर 90 व्होल्टला साधारण निम्म्या वेगाने फिरायला हवी. त्याहून फार जोरात पळाली तर मॅग्नेट कमजोर झालेत. अशी मोटर रिकामी पळते, पण लोड घेत नाही, करंट मात्र भरमसाट ओढते. घरी तेच झालं. सागाच्या ठोकळ्याला पटाशी टेकवली की मोटर थांबायची. तिसऱ्या दिवशी जळका वास. उघडली तर एक मॅग्नेट तडकलेला, वरून चिकटवलेला.

जाताना टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजायचं यंत्र, न्या आणि वेग मोजा. मोटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून शाफ्ट हाताने फिरवा, स्पष्ट जड लागला पाहिजे, नाहीतर मॅग्नेट कमजोर समजा.

स्टिकरवर 2.5 एचपी, खाली 180 व्होल्ट, 5 अँपिअर. म्हणजे 900 वॅट, आणि 2.5 एचपीचे होतात 1,865! बॉडी गंजलेली, स्टिकर कोरं करकरीत. दिसलं होतं मला. पण मी मशीन जुळवणारा माणूस, वाइंडिंगवाला नव्हे, आणि तो इतक्या ठामपणे बोलत होता की गुणाकार करायचं सुचलंच नाही. बोर्डाचं तर विचारूच नका, कन्सोलकडून (ट्रेडमिलच्या समोरच्या बटणांच्या पॅनेलकडून) सिग्नल आल्याशिवाय तो चालूच होत नाही. कन्सोल नसेल तर बोर्ड घेऊ नका.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सायबरवाले म्हणाले, माल समोर बघून घेतलाय, चौकीत जा. चौकीत म्हणाले, पैसे यूपीआयने गेलेत, सायबरला जा. मग रोख दिलेले 5,500? 'पावती आणा.' ठगाने पावती द्यायची असते का? त्यावर, गोडाऊन आमच्या हद्दीत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते) माहिती हद्द न बघता घ्यावी लागते. तो कागद छापून नेला. वाचलासुद्धा नाही. 'काका, हे सिव्हिल मॅटर आहे. मोटर मिळाली ना तुम्हाला?' मोटर मिळाली! खोटं स्टिकर लावून, तडा लपवून विकलेला माल, आणि वर मलाच हे ऐकवायचं? चार खेपा झाल्या, दोन रजा गेल्या. अर्जाची पोच मागितली तर 'साहेब आल्यावर'.

पोच अजून मिळालेली नाही. गुरुवारी पुन्हा जातोय, मोटर पिशवीत घालून.