घरच्या सॉर्बेसाठी साखर घ्यावी की गूळ?

कोल्हापुरात गुळाचे आणि आंब्याचे सौदे एकाच शाहू मार्केट यार्डात होत असल्यामुळे, सॉर्बे (फळांचा गर किंवा रस गोठवून केलेला गोड पदार्थ) घरी करायचे ठरले की साखरेऐवजी गूळच का घालू नये, असा प्रश्न इथे साहजिकच निघतो. माझ्या मते याचा निर्णय फळ पाहून करावा. हापूस असेल तर साखर घ्यावी आणि अननस असेल तर गूळ.

सॉर्बेत दूध किंवा साय नसल्याने त्याचा मऊपणा बहुतांशी साखरेवर अवलंबून असतो. साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. फळातली धरून एकूण साखर मिश्रणाच्या साधारण २५ ते ३० टक्के असली, तर उणे १८ अंशांच्या फ्रीजरमधूनही सॉर्बे चमच्याने काढता येते; ती कमी पडली तर बर्फाची लादी होते आणि फार झाली तर मिश्रण नीट गोठत नाही. साखरेच्या वजनाइतकाच गूळ घेतल्यास गोडी जरा कमी लागते, मात्र मऊपणात फारसा फरक पडत नाही, कारण गुळातील ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि क्षार गोठणबिंदू उतरवण्यात साखरेहून सरस ठरतात. म्हणूनच गोडी जुळवण्यासाठी गूळ वाढवत गेल्यास सॉर्बे सैल पडते.

हापूसचा मोठेपणा त्याच्या वासात आहे आणि तो वास उष्णतेने उडतो. अर्धा किलो रसाला ११० ग्रॅम साखर, १२० मिलिलिटर पाणी आणि एका लिंबाचा रस पुरतो. साखर-पाण्याचा पाक पूर्ण गार झाल्यावरच तो रसात मिसळावा. गूळ घातला की रंग मळकट होतो आणि खाताना आधी गूळ जाणवतो, आंबा मागाहून. पेटीचे दाम मोजून हा सौदा कोणी का करावा?

अननसाचे गणित निराळे आहे. त्यात पाणी जास्त आणि गर कमी, त्यामुळे त्याचे सॉर्बे खरखरीत होण्याकडे झुकते. शिवाय न शिजवलेल्या अननसातील ब्रोमेलेन हे एन्झाइम जिभेला चरचरते. गूळ तसाही पाण्यात विरघळवून, उकळून, कपड्यातून गाळून घ्यावाच लागतो, कारण तळाशी वाळूचे बारीक कण आणि क्वचित उसाच्या चोयट्याचा तुकडाही निघतो. त्याच गरम पाकात अननसाच्या फोडी पाच-सात मिनिटे शिजवल्या की चरचर जाते आणि गुळाचा खमंगपणा फळाच्या आंबटपणाशी छान जमतो. अर्धा किलो फोडींना १४० ग्रॅम गूळ आणि ६० मिलिलिटर पाणी घ्यावे. गार झाल्यावर मिक्सरमध्ये वाटून, चोथा राहू नये म्हणून मिश्रण गाळावे. साखर घालूनही अननसाचे सॉर्बे होते, पण ते पेप्सीकोल्याच्या अंगाने जाते. मुलांना तेच आवडले तर वाद घालण्यात अर्थ नाही.

गूळ घेताना हंगाम ध्यानात ठेवावा. गुऱ्हाळे हिवाळ्यात जोरात असतात; पावसाळ्यापर्यंत ठेवलेला रवा (गुळाची ढेप) ओल धरून पाझरू लागतो, त्याचा रंग काळपट होतो आणि वजनात पाणीही मोजले जाते. असा गूळ पोळीबरोबर चालेल, सॉर्बेसाठी कोरडा, टणक खडाच घ्यावा. काकवी मिळत असेल तर अननसात गुळाचा एक चतुर्थांश भाग तिने बदलावा आणि पाणी थोडे कमी करावे. ती सहसा दाणे धरत नाही, म्हणून सॉर्बे अधिक मऊ राहते.

गोठवण्याची पद्धत दोन्हींना एकच आहे. उथळ स्टीलच्या डब्यात मिश्रण ओतून, कडा घट्ट आणि मधला भाग अजून पातळ असतानाच ते मिक्सरमधून फिरवावे आणि पुन्हा ठेवावे. गुळाच्या मिश्रणाला हा फेरा दोनदा द्यावा, हापूसला त्याच्या दाट गरामुळे एकदा पुरतो.