बहिणीच्या एज्युकेशन लोनच्या नावाखाली माझे 40,509 रुपये गेले

लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं कारण लाज वाटते. गावात कुणालाही फोन आला की मीच सांगायचो ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका. आणि मीच गंडलो. पण आधीच सांगतो, मी ओटीपी कुणाला दिलेला नाही, कसलं ॲप टाकलं नाही, लॉटरीच्या नादी लागलो नाही. स्वतःच्या हाताने पिन टाकून चार वेळा पैसे पाठवले, बस एवढंच केलं.

बहिणीचा ऑगस्टात कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून, इंजिनिअरिंगला नंबर लागला. आमच्या घरात पहिलीच. कॉलेजने फीचा आकडा सांगितला 96,000, होस्टेल-मेस वेगळं. मी आयटीआय फिटर, पुण्याजवळ एमआयडीसीत कंत्राटावर, हातात 17,800 येतात. त्यातले 4,870 आईच्या ऑपरेशनसाठी काढलेल्या पर्सनल लोनला जातात, वडिलांचं सोसायटीचं पीककर्ज दोन वर्षं थकीत. बँकेत गेलो तर साहेबांनी कागद न बघताच विचारलं सहकर्जदार कोण, वडिलांचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, बघितलं आणि फाईल परत ढकलली. वर म्हणाले दुसरीकडे बघा. दुसरीकडे म्हणजे कुठे साहेब?

त्या रात्री मोबाईलवर दोन-तीन ठिकाणी लोनचे फॉर्म भरले, त्यातल्याच कुठल्यातरी फॉर्ममधून नंबर गेला असणार कारण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन. ज्याच्या डोक्यावर आधीच कर्ज आहे आणि ज्याला बँकेने हाकललंय असाच माणूस यांना पाहिजे असतो. स्वच्छ मराठी, आपल्याकडचीच. "दादा, ताईंची सीट जायला नको, सिबिलचं टेन्शन घेऊ नका, सरकारी योजनेतून करून देतो." डीपीला तीन सिंहांचा शिक्का. साडेतीन लाख मंजूर म्हणून पत्र पण पाठवलं.

फाईल चार्ज 1,999. मग प्रोसेसिंग 10,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 11,800. जीएसटी बरोबर लावला म्हणून उलट माझा विश्वास वाढला, बघा किती मूर्ख. मग लोन विमा 14,350, "पूर्ण रिफंड होतो दादा". त्यासाठी रूम पार्टनरकडून 8,500 घेतले. मग सिबिल खराब म्हणून दोन हप्ते आगाऊ, 6,180 दुणे 12,360. याला आईने कानातली फुलं सोनाराकडे ठेवून 12,000 आणले, वरचे 360 माझे.

आता जिथे कळायला पाहिजे होतं ते सांगतो, कारण तेच रोज रात्री आठवतं. विम्याचे पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं, कुठल्यातरी लेडीज टेलर्सचं. बहीण शेजारीच बसली होती. ती म्हणाली, दादा, बँकेचं नाव यायला पाहिजे ना, हे शिलाईवाल्याचं कसं? मी तिच्यावर खेकसलो. तुला काय कळतं, तुझ्यासाठीच मरतोय मी. ती गप्प बसली आणि मी पिन टाकला. तिथे थांबलो असतो तर 13,799 वर सुटलो असतो.

आणि नाव सोडा, पत्रात लिहिलेलं की पहिला हप्ता पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला. अरे, शिक्षण कर्जाला कोर्स संपून वरती साधारण वर्षभर हप्ता नसतो हे मला बँकेतल्याच भिंतीवर वाचून माहीत होतं! आणि फीचे पैसे बँक थेट कॉलेजला देते, "तुमच्या खात्यात टाकतो" म्हणणारा चोर समजा. पण सीट जायची भीती असली की माणूस वाचलेलं विसरतो, माझ्या जागी तुम्ही असता तर बघितलं असतं.

पाचव्यांदा "आरबीआयची एनओसी" म्हणून 18,000 मागितले तेव्हा डोक्यात उजेड पडला.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावला, पण दोन दिवसांनी, ही माझी चूक. पैसे गेल्या गेल्या लावा, पहिल्या तासातच काय ते होतं, आणि प्रत्येक व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर हातात ठेवा. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे सायबर पोलिसांकडे जा. सायबरला गेलो तर साहेब मीटिंगमध्ये, तीन तास बाकावर. मग एकजण म्हणाला, तुम्हीच पाठवले ना, मग फसवणूक कशी? गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो म्हटलं तर हसला, वकील आहात का. इथे लाखांच्या केसेस पडल्यात, तुमचे चाळीस हजार. अहो तुमच्यासाठी चाळीस, माझा सव्वादोन महिन्यांचा पगार आहे तो! चार खाडे झाले, त्याचा पगार वेगळा कापला. शेवटी कळलं की एका खात्यात 1,312 रुपये अडकवून ठेवलेत. ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा. 1,312 साठी वकील करू? बँकेत विचारलं तर तिथली मॅडम म्हणते पासवर्ड बदलून घ्या. पासवर्डचा काय संबंध?

सगळ्यात जास्त कशाने जळतं माहितीये? कॉलेजच्या एका क्लार्कने नंतर सांगितलं की 2024-25 पासून कॅपमधून आलेल्या मुलींना, ओबीसी, ईडब्ल्यूएस (खुल्यातले गरीब), एसईबीसी (मराठा), घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. आम्ही ओबीसी. त्याला उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर दाखला आणि महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, फॉर्म. डेव्हलपमेंट फी आणि होस्टेल मात्र आपल्यालाच. म्हणजे साडेतीन लाखाची गरजच नव्हती! ॲडमिशनच्या खिडकीवर हे कुणी बोललं नाही, 96,000 चा आकडा मात्र पाठ. मुलगी असेल तर कर्ज शोधण्याआधी हे विचारा, तोंड उघडून विचारा, स्वतःहून कुणी सांगणार नाही. कर्ज लागलंच तर शिक्षण कर्जाच्या सरकारी विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज फुकट आहे, एका बँकेने नाही म्हटलं तर दुसरीला टाका, आणि नकार लेखी मागा. मी मागितला नाही.

बहीण आता होस्टेलला आहे, डेव्हलपमेंट फी मामाने भरली. टेलर्सचा विषय तिने परत काढला नाही, काढला असता तर बरं वाटलं असतं.

परवा परत फोन आला. "रिफंड विभागातून बोलतोय, तुमचे 40,509 परत मिळतील, 2,500 भरा." आकडा रुपयासकट बरोबर. शिव्या घालून कट केला. आई गावाहून आलेली, तिने विचारलं कोण होतं रे, लोनवाले का? तिला अजून वाटतंय काम चालू आहे.

रिचार्जवाले होते म्हटलं.