बाहेरच्या तापमानाचा सेन्सर बदलल्यानंतर: भुसावळचा उन्हाळा ते तोरणमाळची थंडी

उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या गाडीच्या मीटरवर बाहेरचं तापमान उणे ४० दिसू लागलं. गाडी उभी भुसावळात, भर दुपारी. नुसता आकडा चुकला असता तर चाललं असतं, पण ऑटो एसी गार हवा देईना. बाहेर कडाक्याची थंडी आहे असं कंट्रोल युनिटला कळलं की ते कंप्रेसर चालूच करत नाही. जो तो एसीचा गॅस भरायला सांगत होता.

जळगावचे आमचे ऑटो इलेक्ट्रिशियन मात्र मीटर बघताच म्हणाले, “गॅसला हात लावू नका भाऊ, आधी कपलर पाहू.” कपलर म्हणजे सेन्सरला वायर जोडणारा प्लग. कारण सरळ आहे. हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. तापला की त्याचा रोध कमी होतो, गार झाला की वाढतो. वायर तुटली किंवा कपलर सुटला की सर्किट उघडं पडतं आणि बऱ्याच गाड्यांत ते उणे ४० म्हणून वाचलं जातं. शॉर्ट झालं तर उलट, अशक्य गरमी दिसते.

हा सेन्सर पुढच्या बंपरमागे होता. बंपर खाली घेतला तेव्हा सगळा उलगडा झाला. आधी एकदा बंपरचं काम झालं होतं, तेव्हा सेन्सरची क्लिप परत बसवलीच नव्हती. तो वायरवर लोंबकळत एसीच्या कंडेन्सरला, म्हणजे एसी चालू असताना तापणाऱ्या जाळीला, टेकला होता. त्याआधीचे कित्येक महिने मीटर चढा आकडा का दाखवायचा, तेही इथेच कळलं. कपलरच्या पिना हिरव्या पडलेल्या. सेन्सर बर्फाच्या पाण्यात आणि मग कोमट पाण्यात धरून मल्टीमीटर लावला. काटा हलेना, सर्किट उघडंच. म्हणून सेन्सर आणि कपलर दोन्ही नवे घातले, क्लिपसह. सेन्सर स्वस्त असतो, खरी मेहनत बंपर उतरवण्याची.

तेव्हापासून ऐन मे महिना गेला, पावसाळा गेला, आता थंडी आहे. एसी बिनतक्रार. हायवेला लागल्यावर आकडा विश्वासाचा वाटतो. शहाद्याहून तोरणमाळ चढताना तो टप्प्याटप्प्याने उतरताना पाहून मला फार समाधान वाटलं. खाली परतताना तसाच चढत आला.

एक गोष्ट मात्र नवीन सेन्सरनेही बदललेली नाही, आणि तो दोष नाही. गाडी उन्हात उभी राहिली किंवा गरम इंजिन बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू केलं, की आकडा काही अंश जास्तच दिसतो. इंजिनाची ऊब पुढे येते. म्हणूनच गाडी हळू चालत असताना बऱ्याच गाड्यांत युनिट आकडा मुद्दाम सावकाश वाढवतं, तरी थोडा फरक राहतोच. गाडी वेगात धावून समोरून मोकळी हवा लागली की तो खाली येतो. तेवढ्यावरून सेन्सर बदलायला जाऊ नका.

धुलाईवाल्याला मी ग्रीलच्या आत जवळून प्रेशर मारू देत नाही. कपलर अजून कोरडा आहे; पावसाळा संपल्यावर उघडून पाहिला.